एका बांधीत किती बेडूक?

साशंक : सर, स्पष्टच विचारतो. पहिला दमदार पाऊस झाला की आपल्या कोहमारा गावाच्या आजूबाजूच्या धानाच्या बांध्यांमध्ये रात्रभर गलका चालतो. तो ऐकतच आम्ही मोठे झालो. पिवळाधमक होऊन डरकणारा मोठा बेडूक आम्हाला ठाऊक आहे, अंगभर फोड असलेला भेक ठाऊक आहे, न्हाणीच्या भिंतीला चिकटून बसणारा ठाऊक आहे. उरलेले सगळे बारके. धान पिकवणाऱ्याचं एवढ्या ओळखीवर आजवर काही अडलेलं नाही. आता तुम्ही म्हणता, या बारक्यांमध्येच निदान दोन कुळं आहेत, कुळांत प्रजाती आहेत आणि प्रजातींच्या पोटात हुबेहूब एकसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत. त्या ओळखायला आधी भिंग लागतं. भिंगाने जमलं नाही तर आवाजाचा आलेख काढावा लागतो. त्यानेही निकाल लागला नाही तर डीएनए. माझी शंका साधी आहे. ज्या वेगळेपणासाठी एवढी यंत्रं लागतात, ते वेगळेपण बेडकाचं की यंत्राचं? बेडकाला स्वतःला त्याचा पत्ता तरी आहे का?

हौशी : भाऊ, शेवटचा प्रश्न राखून ठेवतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. आधी तुमचा 'बारके' हा गठ्ठा सोडू. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या गवतात दोन बारके हमखास सापडतात. दोघेही इंचभराच्या आसपासचे, दोघेही मातकट. एकेक तळहातावर घ्या. पहिल्याचं डोकं एवढंसं, तोंड निमुळतं आणि धड मागे रुंद होत गेलेलं, त्यामुळे वरून तो त्रिकोणी दिसतो. कातडी बहुतेक गुळगुळीत. डोळ्यांच्या मधून सुरू होऊन पाठीवर फाकत जाणारी गडद तपकिरी नक्षी. कानाचा पडदा बाहेरून दिसत नाही, जबड्यात दात नाहीत. हा मायक्रोहायला, चिमुकल्या तोंडाच्या मायक्रोहायलिडी कुळातला. दुसऱ्याचं तोंड रुंद, डोळ्यामागे कानाचा गोल पडदा स्पष्ट, पाठीवर उभ्या सुरकुत्या आणि बारीक पुटकुळ्या. उलटा केलात तर पोटाच्या दोन्ही कडांना एकेक बारीक रेघ. हा मिनर्व्हार्या, डायक्रोग्लॉसिडी कुळातला. तुमचा तो पिवळाधमक मोठा बेडूकही याच कुळातला. म्हणजे दुसरा बारका मोठ्या पिवळ्याचा भाऊबंद निघाला आणि शेजारी बसलेल्या पहिल्या बारक्याशी त्याचं नातं फार लांबचं ठरलं. लहान असणं हे नातं नव्हे. पापुआ न्यू गिनीत 2012 मध्ये नोंदवलेला 7.7 मिलिमीटरचा बेडूक मायक्रोहायलिडी कुळातला आहे, तर पश्चिम घाटातून 2017 मध्ये वर्णन झालेले दीड सेंटीमीटरच्या आतबाहेरचे रातबेडूक भलत्याच कुळातले.

साशंक : हे पटलं, आणि पटायला यंत्रही लागलं नाही. तोंड, कान, पोटावरची रेघ डोळ्यांनी दिसते. म्हणूनच तुमची बाजू अजून सिद्ध झालेली नाही. मी शंका घेतो आहे ती न दिसणाऱ्या फरकांवर. शिवाय दिसणाऱ्या फरकालाही मी विचारतो की त्याने बांधीत काय बदलतं? दोघेही किडे खातात, दोघांनाही साप आणि बगळे खातात, दोघेही साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोघे एकाच कामावरचे मजूर. कुळाचं नाव वेगळं म्हणून मजुरी वेगळी होत नाही.

हौशी : कामही एक नाही. मायक्रोहायलाच्या तोंडाचा आकार बघा. मुंग्या आणि वाळवी हे त्याचं मुख्य खाणं. रुंद तोंडाचा मिनर्व्हार्या टोळ, तुडतुडे, पतंग असं समोर येईल ते गिळतो. याहून मोठा फरक त्यांच्या पिल्लांत आहे. बांधीतलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा. मिनर्व्हार्याचे बेडूकमासे मातकट असतात आणि तळाशी बसतात. त्यांच्या तोंडाला काळी चोच आणि दातऱ्यांच्या रांगा असतात, त्यांनी ते शेवाळ खरवडतात. मायक्रोहायलाचे बेडूकमासे जवळजवळ पारदर्शक असतात, आतलं आतडं बाहेरून दिसतं. डोळे डोक्याच्या दोन कडांना. शेपटीचं टोक दोऱ्यासारखं बारीक. हे टोक थरथरवत ते पाण्याच्या मधल्या थरात जागच्या जागी तरंगत राहतात. तोंडाला चोच नाही, दातऱ्या नाहीत. पाणी आत घ्यायचं आणि त्यातले सूक्ष्म जीव गाळून खायचे, एवढंच. एकाच बांधीत एक जण तळ खरवडतो आणि दुसरा पाणी गाळतो. युरिया पडला, फवारणी झाली, पाणी दोन बोटं उतरलं, तर दोघांवर सारखा परिणाम होईलच असं नाही. 'बारके कमी झाले' असं तुम्ही म्हणता तेव्हा कोणते कमी झाले हे कळल्याशिवाय बांधीत काय बिघडलं ते कळायचं नाही.

साशंक : मान्य. प्रजातीपर्यंतची विभागणी कामाची आहे, कारण तिथे तोंड बदलतं, पिल्लू बदलतं, खाणं बदलतं. मी माझी शंका तेवढी पुढे सरकवतो. दोन मायक्रोहायला घ्या. दोघांचं तोंड निमुळतं, दोघांच्या पाठीवर नक्षी, दोघांची पिल्लं पाणी गाळणारी. आता त्यांतला एक 'ही' जात आणि दुसरा 'ती' जात म्हणायला तुमच्याकडे आधार काय? कामाचा मुद्दा इथे तुमच्या मदतीला येणार नाही. तो तुम्ही प्रजातीच्या पायरीवरच खर्च केलात.

हौशी : खरं आहे, इथे मला दुसरी वाट धरावी लागते. ही नावं आली कशी ते आधी सांगतो. जावा बेटावरच्या एका छोट्या शेतबेडकाला 1829 मध्ये लिम्नोकारिस हे नाव मिळालं. पुढे शंभराहून अधिक वर्षं जावापासून भारतापर्यंतचे तसे दिसणारे बहुतेक बेडूक त्याच नावाखाली गेले. 1919 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातल्या, सह्याद्रीतल्या बेडकांना सह्याद्रेन्सिस म्हणून त्याचा एक प्रकार मानलं. आज ती स्वतंत्र जात आहे. मिनर्व्हार्या ही प्रजाती 2001 मध्ये मांडली गेली, आणि 2018 मध्ये दक्षिण आशियातले यांतले बहुतेक शेतबेडूक तिच्यात आले. मायक्रोहायलाचीही हीच गत. ऑर्नाटा ही जात 1841 मध्ये मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून वर्णन झाली आणि जवळजवळ अख्ख्या भारताला तेच नाव चिकटलं. 2015 मध्ये बांगलादेशातल्या निलफामारीहून निलफामारीएन्सिस ही जात वेगळी काढली गेली. 2019 मध्ये दक्षिण आशियातल्या मायक्रोहायलांचा मोठा आढावा निघाला. शरीर, आवाज आणि जनुकं एकत्र ताडून पाहिल्यावर उत्तर आणि मध्य भारतातले अनेक 'ऑर्नाटा' प्रत्यक्षात निलफामारीएन्सिस निघाले.

साशंक : म्हणजे मलबारच्या नावाने जगलेला बेडूक एका सकाळी बांगलादेशच्या नावाचा झाला. बेडकात काय बदललं? काही नाही. याला ज्ञान म्हणायचं की कागदोपत्री फेरफार? नावं कुठून येतात तेही बघा. आंबोलीच्या परिसरातून 2017 मध्ये वर्णन झालेल्या जातीला सेपफी म्हटलं, ते कशावरून, तर पश्चिम घाटातल्या कामाला पैसा देणाऱ्या एका निधीच्या आद्याक्षरांवरून. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या सह्याद्रीच्या एका शेतबेडकाला 'मराठी' हे जातिनाम दिलं गेलं. आनंद आहे. पण नवे बेडूक तिकडेच का सापडतात? तिथे विद्यापीठं जवळ आहेत, निधी आहे, जगाने तिथे जैवविविधतेचा शिक्का मारलेला आहे, म्हणून. इथे नवेगाव आणि नागझिरा यांच्या मधल्या पट्ट्यात, एवढ्या माजी मालगुजारी तलावांच्या आणि बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, मुलखात, आमच्या बेडकांच्या वाट्याला सह्याद्रीचं, मलबारचं, नाहीतर निलफामारीचं उसनं नाव. तुमच्या वर्गीकरणाचा नकाशा बेडकांचा कमी आणि बेडूक शोधणाऱ्यांचा जास्त दिसतो.

हौशी : हा आरोप मी खोडत नाही. शोधणारा जिथे जातो तिथेच जात सापडते, हे खरंच आहे. पण त्यावरून जाती खोट्या ठरत नाहीत, शोध अपुरा ठरतो. नाव बदलणं ही मला लाजेची गोष्ट वाटत नाही, कारण जातीचं नाव हा एक दावा असतो आणि पुरावा बदलला की दावा बदलतो. न बदलणारं नाव म्हणजे कुणी पुन्हा तपासलंच नाही असं नाव. आता 'एकसारखेच तर दिसतात' याबद्दल. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला सांगायला नकोत. 1983 मध्ये 'पटेल 3' धानाच्या शेतात त्यांना वेगळ्या रंगाच्या तीन लोंब्या दिसल्या. बाकीच्यांच्या डोळ्यांपुढे एकच एक शेत होतं. त्यांनी त्या लोंब्यांचं बी वेगळं ठेवलं, वेगळं पेरलं, वर्षानुवर्षं निवडलं आणि एचएमटी हे धानाचं वाण उभं राहिलं. त्या तीन लोंब्या गठ्ठ्यात गेल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. बारीक फरक आधी बघावा लागतो, तो कामाचा की बिनकामाचा हे नंतर ठरतं.

साशंक : दादाजींचं नाव घेतलंत हे बरं झालं, कारण ते तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूचे साक्षीदार आहेत. त्यांनी लोंबी पाहून नाव दिलं नाही. आधी पेरून पाहिलं, पुढच्या पिढीत फरक टिकतो का ते पाहिलं, मग नाव आलं. तुम्ही काय करता? बेडकाच्या पेशीतलं 16 एस नावाचं जनुक वाचता आणि फरक 3 टक्क्यांच्या वर गेला की संभाव्य नवी जात म्हणून टिपून ठेवता. 3 का? अडीच का नाही, चार का नाही? शिवाय मीही थोडं वाचलं आहे. ते जनुक फक्त आईकडून येतं. बापाकडून काय आलं, दोन गटांत संकर होतो की नाही, हे त्यातून कळत नाही. निम्मी साक्ष घेऊन पूर्ण निकाल देणं याला पंचायतीतही कुणी न्याय म्हणणार नाही.

हौशी : निव्वळ एका जनुकावर जात उभी करणाऱ्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू आहे. 3 टक्के हा इशारा आहे, निकाल नव्हे. जबाबदार अभ्यासक म्हणूनच आईकडचं जनुक, दोन्हीकडून येणारी जनुकं, शरीराची मापं आणि आवाज असं सगळं एकत्र मांडतो. पेरून पाहण्याचं म्हणाल तर तेही झालं आहे. जपानमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये श्रीलंका, थायलंड, तैवान आणि जपानच्या शेतबेडकांचे प्रयोगशाळेत संकर करून पाहिले. काही जोड्यांची पिल्लं वाढली, काहींची तगली नाहीत. आता तुमचा राखून ठेवलेला प्रश्न. बेडकाला पत्ता आहे का? मला वाटतं, मादीला आहे. रात्री बांधीच्या कडेला गवताच्या बुडाशी नर मायक्रोहायला बसतो. बॅटरीचा उजेड टाकला तर अंग दिसण्याआधी गळ्याखालची पिशवी दिसते, फुगली की जवळजवळ त्याच्याएवढी होते. तुमचं पाऊल वाजलं की आवाज बंद. थोडं थांबलात की एक सुरू करतो आणि मग सगळी बांधी सुरू होते. त्या करकरीत किती ठोके, ठोक्यांमध्ये किती अंतर, पट्टी किती उंच, हे जातीजातीत वेगळं असतं. अंधारात मादी त्या आवाजामागे जाते. तुमच्या-माझ्या कानाला ती सगळी एकच करकर आहे. म्हणून आपल्याला यंत्र लागतं, तिला लागत नाही.

साशंक : हे उत्तर मला आवडलं, आणि म्हणूनच ते नीट पिळून घेतो. ठोक्यांचा वेग तापमानावर हलतो. मृगाच्या पहिल्या पावसातली उकाड्याची रात्र आणि श्रावणातली गार रात्र यांत एकाच बेडकाचा आवाज बदलेल. तापमान न नोंदवता घेतलेला आवाज ही खोटी साक्ष. दुसरं, मादीची निवड ही कसोटी एकाच बांधीत बसलेल्या दोन गटांना लागते. एक गट आंबोलीला आणि एक कोहमाऱ्याला असेल, तर इथली मादी तिथला नर आयुष्यात कधी ऐकणार नाही. मग ती त्याला नाकारते की स्वीकारते, हे कोण ठरवणार? तिथे निवाडा मादीचा राहत नाही, तुमचा होतो.

हौशी : होतो. तापमानाचा मुद्दा अभ्यासकांना मान्य आहे, हवेचं आणि पाण्याचं तापमान टिपल्याशिवाय आवाजाची तुलना करता येत नाही. दूरच्या गटांबद्दल मात्र पळवाट नाही. जे कधी भेटत नाहीत ते भेटले असते तर काय झालं असतं, याचा आपण अंदाज बांधतो. फरक मोठा आणि शरीर, आवाज, जनुकं अशा तिन्ही बाजूंनी असला तर अंदाज भक्कम, एकाच बाजूने असला तर कच्चा. जात ही निसर्गात आखलेली रेघ आहे, असं मी म्हणणार नाही. वेगळं होत जाणं हे लाखो वर्षं चालणारं काम आहे आणि आपण ते मध्येच कुठेतरी गाठतो. काही गट पुरते तुटलेले सापडतात, काही तुटता तुटता.

साशंक : तर मग घाई कशाला? मला नावांची भीती नाही, नावांच्या मागून येणाऱ्या गोष्टींची आहे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी झाला, चांगलं झालं. पण त्याच्या सीमेवरच्या माणसाला विचारा, जळणाची मोळी आणणं, मोहफुलं वेचणं, गुरं चारणं या सगळ्यात किती परवानग्या शिरल्या. उद्या कुणी म्हणालं की कोहमाऱ्याच्या बांधीत जगात कुठे नाही असा बेडूक आहे, तर त्या बांधीच्या मालकाने आनंद मानायचा की वकील शोधायचा? एक मोठी जात फोडून पाच छोट्या केल्या की पाचही दुर्मीळ दिसू लागतात. फोड तुम्ही केलीत, बेडूक आहेत तेवढेच आहेत, आणि बोजा आमच्यावर. वर त्या नव्या जातीचं वर्णन करायला दोन-चार बेडूक मारून बाटलीत ठेवायचे. संरक्षणाची सुरुवात ही अशी?

हौशी : दोन्ही मुद्दे बोचतात. आधी बाटलीचं. मूळ नमुना नसला की नाव हवेत तरंगतं. थॉमस जर्डनने 1853 मध्ये अ‍ॅग्रिकोला नावाच्या शेतबेडकाचं वर्णन केलं. त्याच्या काळच्या कित्येक नमुन्यांचा आज पत्ता लागत नाही आणि ते नाव दीड शतकाहून जास्त काळ दुसऱ्या नावांखाली गाडलं गेलं. अलीकडे ते पुन्हा उकरून काढावं लागलं. चार बेडूक नीट जपले असते तर चाळीस अभ्यासकांचा गोंधळ टळला असता. आता फोडण्याचं. फोडीचा तोटा तुम्ही सांगितलात, गठ्ठ्याचा मी सांगतो. ऑर्नाटा हे नाव देशभर पसरलेलं, म्हणून जागतिक यादीत 'चिंता नाही' या रकान्यात. त्या नावाखाली दोन गट असतील आणि त्यांतला एक संपला, तरी नाव जिवंत राहतं आणि यादीत कुठेच खाडाखोड होत नाही. 2016 मध्ये मणिपालच्या जांभ्या दगडाच्या पठारी भागातून दीड-पावणेदोन सेंटीमीटरची एक मायक्रोहायला जात वर्णन झाली. विद्यापीठाच्या गावाशेजारी ती तोवर बिननावाची जगत होती. 2023 च्या जागतिक आढाव्यात 8,011 उभयचर जाती तपासल्या आणि सुमारे 41 टक्के धोक्यात निघाल्या. जी जात वेगळी मोजलीच गेली नाही, ती या आकड्यात कुठे असेल? आणि बांधीच्या बेडकाला व्याघ्र प्रकल्प नको आहे. त्याला पाणी साचलेली, विष न पडलेली बांधी हवी. तिथे त्याचा आणि तुमचा स्वार्थ बऱ्यापैकी एक आहे.

साशंक : 'बऱ्यापैकी' हा शब्द तुम्ही प्रामाणिकपणे वापरलात. खोडकिडा पडला की तो स्वार्थ एक राहत नाही, तेव्हा मी फवारणार. पण असू द्या. इतक्या बोलण्यातून माझी भूमिका थोडी बदलली आहे, ती सांगतो. प्रजातीपर्यंतची विभागणी मी स्वीकारतो, ती कामातून दिसते. एका बांधीत राहून एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन जाती मी स्वीकारतो, तिथे निवाडा मादीचा आहे. दूरच्या गटांना वेगळ्या जाती म्हणायचं असेल तर मला तीन साक्षी हव्यात. शरीराची, आवाजाची आणि दोन्हीकडच्या जनुकांची. तिन्ही जुळल्या तर नाव द्या, खुशाल. दोन जुळल्या आणि तिसरी फुटली तर काय करायचं, ते तुम्ही सांगा.

हौशी : त्याची सोय आहे, आणि ती मला वर्गीकरणातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते. प्रजातीच्या नावापुढे 'सीएफ' ही दोन अक्षरं घालायची. अर्थ एवढाच, की हा बेडूक अमक्या जातीसारखा दिसतो, ताडून पाहावा, निकाल लागलेला नाही. कोहमाऱ्याच्या बांधीतल्या मिनर्व्हार्याला सवयीने 'सह्याद्रेन्सिस' लिहिण्यापेक्षा 'सीएफ सह्याद्रेन्सिस' लिहावं, शेजारी तारीख, जागा, तापमान आणि ध्वनिमुद्रण ठेवावं. इथलीच कॉलेजची पोरं हे मोबाईलवर करू शकतात. नाव मागाहून येईल, कदाचित जुनंच कायम राहील. पण तो निर्णय इथल्या बेडकाच्या पुराव्यावर होईल, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दुसरीकडे धरलेल्या बेडकाच्या ओळखीवर नाही.

साशंक : अभ्यासाच्या वहीत ते शोभेल. पण आपल्या गावावरून 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो. पावसाच्या पहिल्या रात्री त्यावर किती बेडूक चिरडतात ते पहाटे चौकातून जाणारा कुणीही सांगेल. उद्या त्या रस्त्याखालून मोरी ठेवा, अमुक बोडी बुजवू नका, असं सांगायला तुम्ही कुठल्याशा कार्यालयात जाल. तिथला माणूस विचारेल, कोणती जात, धोक्यात आहे की नाही. त्याच्या तक्त्यात 'ताडून पाहावे' असा रकाना नाही. तुमचा प्रामाणिकपणा तिथे पहिल्या फटक्यात बाद होईल, आणि ठाम नाव घेऊन गेलेला माणूस जिंकेल, मग त्याचं नाव कच्च्या पुराव्याचं का असेना. घाईने नाव द्या असं मला म्हणायचं नाही. पण तुमची सावध पद्धत आणि रस्त्याचा वेग यांचा मेळ बसत नाही, हे तुम्हाला दिसतं का?

हौशी : दिसतं, आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. ठाम नावाची किंमत तिथे आहे हे कळतं म्हणूनच कच्चं नाव ठाम करण्याचा मोह होतो, आणि तुम्ही ज्याला फोडाफोड म्हणता तिचं एक कारण हेच असावं. मोरी ठेवायला जातीचं नाव लागू नये, 'इथे बेडूक अंडी घालतात' एवढी नोंद पुरावी, असं मला वाटतं.

साशंक : नाव न लागता बोडी वाचत असेल तर मग सुरुवातीचं माझंच म्हणणं खरं ठरतं, 'बारके' पुरे.

हौशी : बोडी वाचवायला पुरे. पण दहा वर्षांनी ती बोडी वाचली म्हणजे नेमकं कोण वाचलं, कोण तरीही गेलं, हे विचाराल तेव्हा पुरणार नाही. आणि ते तुम्हीच आधी विचाराल, भाऊ, कारण मोरीचा खर्च कुणाच्या करातून झाला हा प्रश्नही तुमचाच असेल.